लहान कुत्रा की महाकाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे आठ वर्षं बाजी होता. ग्रेट डेन, भरात असताना बासष्ट किलो. आता ठमी आहे, आठ किलोची डॅशहंड. दोन टोकांचे कुत्रे पाळल्यामुळे ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, अगदी व्हेटच्या दवाखान्यात शेजारी बसलेले लोकही मला तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लहान, मोठा आणि महाकाय जाती नेमक्या कोणत्या? लॅब्राडोर महाकाय का?

नाही. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड हे मोठे कुत्रे, साधारण पंचवीस ते चाळीस किलोंचे. महाकाय म्हणजे त्याच्याही पुढचे, पंचेचाळीस-पन्नास किलोंच्या वरचे: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, इंग्लिश मास्टिफ, न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड. लहान म्हणजे ढोबळमानाने दहा किलोंच्या आतले: पॉमेरेनियन, पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, डॅशहंड, चिवावा.

चिवावा तीन किलोंच्या आत असतो आणि सेंट बर्नार्ड सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत जातो. एकाच प्राण्याच्या जातींमध्ये वजनाचा इतका फरक क्वचितच सापडतो. म्हणूनच 'कुत्रा पाळणं' हे दोन्हीकडे सारखं काम नाही.

२. आमचा वन बीएचके आहे. मोठा कुत्रा मावेल का, की लहानच घ्यावा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि माझं उत्तर लोकांना पटत नाही. मावण्याचा प्रश्न दुय्यम आहे. प्रौढ ग्रेट डेन घरात बहुतेक वेळ झोपून असतो. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवलं की तो दिवसभर दिवाणाशेजारी पडून राहतो. उलट बीगल किंवा जॅक रसेल लहान चणीचे असले तरी त्यांना दमवायला दिवसाचा दीड तास द्यावा लागतो. नाही दिला, तर चपला, उशांचे अभ्रे आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध, काहीच शाबूत राहत नाही.

घराच्या चौरस फुटांपेक्षा मी दुसऱ्या तीन गोष्टी विचारते. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? लिफ्ट आहे का, आणि वीज गेली तर ती चालते का? तो आजारी पडला, तर त्याला उचलून खाली नेणारी माणसं घरात आहेत का?

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्टविना. पिल्लू आणताना हे डोक्यातही आलं नाही, कारण तेव्हा बाजी माझ्या कडेवर होता. शेवटच्या दीड महिन्यात त्याचे मागचे पाय गेले. रोज दोनदा चार माणसं सतरंजीचे चार कोपरे धरून त्याला खाली नेत आणि वर आणत. शेजारच्या दोन मुलांनी परीक्षेच्या दिवसांतही एक दिवस चुकवला नाही. तसे शेजारी नसते तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्यामुळे जात ठरवताना कुत्र्याचे पहिले दोन महिने डोळ्यांसमोर आणू नका, शेवटचे दोन आणा.

फरशीचंही बघा. गुळगुळीत टाइल्सवर जड कुत्र्याचे पाय फाकतात आणि सांध्यांवर ताण येतो. त्याच्या वावरण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुनी जाजमं अंथरावी लागतील.

३. मोठे कुत्रे लवकर जातात असं म्हणतात. खरं आहे का?

दुर्दैवाने खरं आहे. ग्रेट डेन साधारण सात ते दहा वर्षं जगतो, आयरिश वुल्फहाउंड सहा ते आठ. पॉमेरेनियन, डॅशहंड, चिवावा यांना बारा ते सोळा वर्षांचं आयुष्य असतं.

निसर्गात सहसा उलटं असतं, हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. पण एकाच प्राण्याच्या जातींमध्ये मोठा आधी जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चौऱ्याहत्तर जातींच्या एका अभ्यासात असं दिसलं, की शरीराच्या दर दोन किलो वजनामागे सरासरी आयुष्य सुमारे एक महिन्याने कमी होतं. मोठ्या जातींत म्हातारपण फार लवकर सुरू होतं असं नाही, पण एकदा सुरू झालं की भराभर पुढे सरकतं. आकार ठरवण्यात आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या संप्रेरकाचा मोठा वाटा आहे. लहान जातींच्या शरीरात ते कमी असतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झ्यूस नावाचा ग्रेट डेन होता. खांद्यापाशी १११.८ सेंटिमीटर उंच, जगातला सगळ्यात उंच कुत्रा म्हणून गिनेस बुकात नोंदलेला. २०१४ मध्ये तो गेला तेव्हा पाच वर्षांचा होता.

मी हे घाबरवायला सांगत नाही. पण घरात चार वर्षांचं मूल असेल आणि तुम्ही आज ग्रेट डेन आणलात, तर कुत्रा गेला हे त्या मुलाच्या शाळेच्या वर्षांतच तुम्हाला त्याला सांगावं लागेल. लहान कुत्र्याचा हिशेब वेगळा. आज आणलेला पॉम ते मूल कॉलेजात गेल्यावरही घरी असेल, आणि तेव्हा त्याला फिरवणारे तुम्हीच असाल.

४. खर्चात किती फरक पडतो?

खाण्यातला फरक वजनाइतका नसतो. वजन पंधरापट म्हणजे खाणं पंधरापट, असं होत नाही. शरीर जितकं लहान, तितकी त्याची दर किलोमागची उष्णतेची गरज जास्त. चार किलोंच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण तीनशे कॅलरी लागतात, साठ किलोंच्या कुत्र्याला चोवीसशेच्या आसपास. म्हणजे सात-आठपट. कोरड्या खाद्यात मोजलं तर लहानाला दिवसाला ऐंशी-नव्वद ग्रॅम, मोठ्याला सहाशे ते सातशे ग्रॅम. महिन्याला एकाला अडीच किलो पुरतं, दुसऱ्याला वीस किलोंचं अख्खं पोतं.

खरा फटका औषधांत बसतो. जंतांच्या गोळ्या, गोचिडांवरची औषधं, प्रतिजैविकं, सलाइन, भूल, सगळं वजनावर ठरतं. गोचिडांची गोळी लहान कुत्र्यासाठी छोट्या मापाची येते. महाकाय कुत्र्यासाठी सगळ्यात मोठ्या मापाची, आणि वजन फारच जास्त असेल तर दोन गोळ्या जोडून द्याव्या लागतात. शस्त्रक्रियेचं बिलही त्याच चढणीने चढतं. गळपट्टा, बिछाना, पिंजरा, आंघोळीचं पार्लर, तुम्ही गावी गेल्यावर ठेवायचं बोर्डिंग, सगळ्यांचे दर आकारानुसार असतात.

एक गोष्ट मात्र दोघांना सारखीच लागते: रेबीजची लस. चिवावा असो की मास्टिफ, मात्रा तीच.

लहान कुत्रा स्वस्त असतो असंही समजू नका. शिह त्झू किंवा ल्हासाचे केस दर सहा-आठ आठवड्यांनी कापावे लागतात, दातांची सफाई करावी लागते (प्रश्न ७), आणि हे सगळं पंधरा वर्षं चालतं.

५. महाकाय जातीच्या पिल्लाला कॅल्शियम किती द्यायचं?

समतोल पिल्लू-खाद्य चालू असेल तर वेगळं अजिबात देऊ नका. हे मी ठळक अक्षरांत लिहून दवाखान्याच्या दारावर लावलं असतं.

आपल्याकडे पिल्लू घरी आलं, की कुणीतरी कॅल्शियमचं सिरप घेऊनच येतं. 'एवढा मोठा होणार, हाडं मजबूत हवीत.' भावना चांगली, परिणाम वाईट. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. दिलेलं बरंचसं रक्तात जातं, आणि भरभर वाढणाऱ्या हाडांची घडण बिघडते. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मताना अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि वर्षभराच्या आत चाळीस-पन्नास किलोंचं होतं. इतक्या वेगात थोडी चूकही पायात वाक आणते.

त्यासाठी मोठ्या जातींच्या पिल्लांचं वेगळं खाद्य मिळतं. त्यात कॅल्शियम आणि कॅलरी मापात ठेवलेल्या असतात. ते द्या, आणि पिल्लू गोलमटोल होऊ देऊ नका. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. 'काहो, खायला घालत नाही का?' असं लोक विचारतील, विचारू देत.

महाकाय जातींची वाढ दीड ते दोन वर्षं चालते. तोवर जिन्यावरून धावणं, उंचावरून उड्या, सायकलबरोबर पळवणं टाळा. नसबंदीसुद्धा या जातींत हाडांची वाढ होईपर्यंत थांबून केलेली बरी, पण नेमकं कधी ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. लहान जातींची वाढ आठ-दहा महिन्यांत आटोपते, त्यांच्या बाबतीत ही काळजी इतकी लागत नाही.

६. महाकाय जातींना कोणते आजार होतात? 'पोटाला पीळ पडणं' म्हणजे काय?

खुब्याचे सांधे सैल असणं, हृदयाचे स्नायू ताणून पातळ होणं, पायाच्या हाडांचा कॅन्सर, आणि ग्रेट डेनमध्ये मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला जाऊन चाल डळमळणं. हे सगळं महाकाय जातींत जास्त दिसतं. पण पोटाचा पीळ वेगळा सांगायला हवा, कारण त्यात हाताशी फक्त काही तास असतात.

खोल छातीच्या कुत्र्यांत जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. दोन्ही तोंडं आवळली जातात, रक्तपुरवठा तुटतो. सर्व जातींत याचा सर्वाधिक धोका ग्रेट डेनला असतो. लक्षणं पाठ करून ठेवा: ओकारीचा उमाळा येतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणतं, लाळ गळते, कुत्रा एका जागी बसत नाही. घरगुती उपाय, ओवा, हिंग, काही करू नका. सकाळची वाट पाहू नका. शस्त्रक्रिया हाच इलाज आहे.

पिल्लू आणायच्या आधीच तुमच्या गावात रात्री ही शस्त्रक्रिया कोण करतं ते विचारून ठेवा. अनेक तालुक्यांच्या गावी उत्तर 'कुणी नाही' असं येईल. मग सगळ्यात जवळच्या शहराला पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजा. तीन-चार तास लागत असतील, तर मी तरी ग्रेट डेन घेऊ नका असंच सांगेन.

धोका कमी करता येतो. दिवसाचं खाणं एका वेळी न घालता दोन-तीन वेळा विभागून घाला. घाईने गिळणारा असेल तर अडथळे असलेलं ताट वापरा, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर धावपळ नको. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी जोडून घेता येतं, म्हणजे ते फिरत नाही. बाजीचं आम्ही करून घेतलं होतं. त्याच्या बाबतीत मी घेतलेल्या निर्णयांत हा सर्वांत चांगला होता.

७. मग लहान कुत्रे निरोगी असतात ना?

जास्त जगतात, पण त्यांची दुखणी वेगळी असतात. तोंड लहान, दात बेचाळीसच. ते दाटीवाटीने उगवतात, कीट साठतं, आणि पाच-सहा वर्षांत दात हलायला लागतात. रोज ब्रश करायची सवय पिल्लू असतानाच लावा.

पॉम आणि चिवावामध्ये गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता एक पाय उचलून दोन उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालतो, ते हेच. याच जातींत श्वासनलिका चपटी होते, बदकासारखा खोकला येतो. अशांना गळ्यात पट्टा नको, छातीवरचा हार्नेस घाला. अगदी इवल्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशी राहिल्यावर पटकन उतरते, म्हणून दिवसातून चार वेळा खायला द्या. सोफ्यावरून उडी मारताना पुढच्या पायाचं हाड मोडणं, हेही चिमुकल्या जातींत नेहमीचं.

डॅशहंडांत पाठीच्या मणक्यामधली गादी सरकते. साधारण चार-पाचांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, आणि कधी कधी मागचे पाय लुळे पडतात. ठमीसाठी आम्ही दिवाणाला उतार करून घेतला आहे. तिला उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली असतो. पाहुण्यांनाही तसंच उचलायला सांगते, कुणी मनाला लावून घेतलं तरी.

पग आणि शिह त्झूच्या श्वासाबद्दल प्रश्न ८ पाहा.

८. आम्ही नागपूरला राहतो. सेंट बर्नार्ड ठेवता येईल का?

कृपया नको. सेंट बर्नार्ड स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या साधारण अडीच हजार मीटर उंचीच्या खिंडीतल्या मठात घडलेली जात आहे. दुहेरी केसांचं जाड कवच, वर एवढं शरीर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. जितकं शरीर मोठं, तितकी आत उष्णता साठते आणि तिला बाहेर पडायला कातडी कमी पडते. विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो. एसी चोवीस तास चालवला तरी मे महिन्यात वीज जाते, आणि शी-शूसाठी बाहेर तर न्यावंच लागतं. हेच न्यूफाउंडलंड आणि हस्कीलाही लागू.

मुंबई-कोकणात पारा कमी असतो म्हणून चालेल, असंही नाही. हवा दमट असली की धापेतून पाणी सुकत नाही, आणि धाप फुकट जाते.

या एका प्रश्नात मात्र लहान असणं नेहमी फायद्याचं नसतं. पगचं नाक चपटं, श्वासमार्ग अरुंद. तो थंड दिवशीही घोरतो, उन्हात तर त्याचा जीवच जाऊ शकतो. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पगची लाट आली. तो गोड चेहरा घेऊन आलेल्या किती कुत्र्यांनी आयुष्यभर श्वासासाठी झगडा केला असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

कुठलाही कुत्रा असो: उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर न्या. हाताची पालथी बाजू रस्त्याला टेकवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. केस भादरू नका, दुहेरी केस उन्हापासूनही वाचवतात. अंगाचा ताप ४१ अंश सेल्सियसच्या वर गेला, तो झोकांड्या खायला लागला, तर साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि तसाच दवाखान्यात न्या.

९. घरात दोन वर्षांचं बाळ आहे. कोणता बरा?

बाळ आणि महाकाय कुत्रा यांच्यात भांडण क्वचित होतं, अपघात होतात. तो मुद्दाम काही करत नाही, वळतो आणि बाळ आडवं होतं. ग्रेट डेनची शेपटी बाळाच्या चेहऱ्याच्या उंचीवर असते आणि आनंदात ती छडीसारखी लागते. बाळ आणि चिमुकला कुत्रा यांच्यात उलटं होतं: बाळ त्याच्यावर पडतं, शेपटी ओढतं, उचलून खाली टाकतं. घाबरलेला लहान कुत्रा चावतो. लहान कुत्र्याच्या गुरगुरण्याला मोठी माणसं हसतात, त्यामुळे त्याला चावण्याशिवाय दुसरं काही उरत नाही. मोठ्याचं गुरगुरणं सगळे ऐकतात.

बाळ पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबता आलं तर थांबा. नाहीच थांबायचं, तर मधल्या आकाराचा, शांत स्वभावाचा, प्रौढ कुत्रा बघा (प्रश्न १६). कुठलाही कुत्रा असला तरी दोघांना एकटं सोडू नका. आणि दात लागला, अगदी घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचाही, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. हळद-चुना लावू नका.

१०. आई-बाबा सत्तरीचे आहेत, सोबत म्हणून त्यांना कुत्रा द्यायचाय.

आधी त्यांना विचारा. 'सरप्राइज' म्हणून पिल्लू नेऊन ठेवणं त्यांच्यावर आणि पिल्लावरही अन्याय आहे.

त्यांची इच्छा असेल तर लहान कुत्रा, आणि पिल्लू नाही, प्रौढ. साठ किलोंच्या कुत्र्याने मांजर बघून एक हिसडा दिला तर सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड जाऊ शकतं. तो शिकवलेला असला, तरी एक दिवस असतोच. पण लहान कुत्र्यातही धोका आहे: तो पायात येतो. गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे तो कुठे आहे ते कळतं.

दुसरा प्रश्न अवघड आहे, पण विचारायलाच हवा. आज आणलेला पॉम आणखी चौदा वर्षं जगेल. आई-बाबांना जमेनासं झालं, तर तो कुणाकडे जाणार? ते नाव आजच ठरवा. तुमचं असेल तर तुमच्या सोसायटीचं, नोकरीचं, बायको-नवऱ्याचं मत, सगळं आत्ताच बघा.

११. राखणीसाठी मोठाच हवा ना?

इशारा द्यायला आवाज लागतो, वजन नाही. पॉम आणि डॅशहंड जिन्यातली पावलंसुद्धा ओळखतात. बाजी दारावरच्या माणसाकडे बघून शेपटी हलवायचा. त्याचा आकार पाहून लोक थबकायचे एवढंच.

फार्महाउसवर बांधून ठेवायला म्हणून महाकाय जात विचारत असाल, तर घेऊ नका. साखळीला बांधलेला, माणसांशी संबंध नसलेला सत्तर किलोंचा कुत्रा राखण करत नाही. तो घाबरून वाढतो, आणि एक दिवस ओळखीच्याच माणसावर जातो.

१२. सोसायटी म्हणते, 'लहान कुत्रा चालेल, मोठा नाही.' हे कायदेशीर आहे का?

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट आहे: बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि 'लहान चालतील, मोठे नाहीत' अशी अटही घालता येत नाही. लिफ्ट वापरायलाही मज्जाव करता येत नाही.

पण हक्क दाखवत भांडण्याआधी आपली बाजू स्वच्छ असू द्या. पुणे-मुंबईसारख्या महापालिकांचा कुत्र्याचा परवाना असतो, तो काढा. रेबीजच्या लसीचं कार्ड जवळ ठेवा. आवारात नेहमी दोरीला बांधून न्या, विष्ठा उचला. मोठ्या कुत्र्याची विष्ठाही मोठी असते, आणि पार्किंगमध्ये ती सोडून जाणारा एक माणूस बाकी सगळ्यांचं नाव घालवतो. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीला जा. आमच्याकडे लिफ्ट नव्हती, पण बाकीचं सगळं मी पाळलं, म्हणून तर सतरंजीचे कोपरे धरायला माणसं आली (प्रश्न २).

१३. मोठ्या जातींवर सरकारने बंदी घातली आहे ना?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींची पैदास, विक्री आणि पाळण्याचे परवाने थांबवायला सांगितलं होतं. त्यात पिटबुल, रॉटवायलर, केन कॉर्सो, कॉकेशियन शेफर्ड, मास्टिफ अशी नावं होती. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं गेलं म्हणून. ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड त्या यादीत नव्हतेच. मात्र काही शहरांचे स्वतःचे नियम आहेत, तेव्हा या जातींपैकी काही घेत असाल तर आधी आपल्या महापालिकेत विचारा.

१४. आम्ही वर्षातून दोनदा गावी जातो. कुत्रा बरोबर कसा न्यायचा?

रेल्वेत लहान पिल्लू टोपलीत नेता येतं. मोठा कुत्रा फर्स्ट क्लासमध्ये, तेही दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. ग्रेट डेनला त्या पेटीत बसवणं मला क्रूर वाटतं. उन्हाळ्यात तर विचारच नको.

आम्हाला बाजीसाठी मागची सीट काढता येणारी गाडी घ्यावी लागली. रिक्षावाले थांबत नसत, आणि त्यात त्यांची चूक नाही. ठमी पिशवीतून कोकणात जाऊन येते. लोक याचा विचार शेवटी करतात. गावी बोर्डिंग नसेल आणि घरात दुसरं कुणी नसेल, तर महाकाय कुत्र्याबरोबर गणपतीला एकत्र जाणं थांबतं, हे गृहीत धरा.

१५. 'टीकप पॉम' मिळतोय, खूप लहान राहील म्हणतात. घ्यावा का?

टीकप नावाची जात नाही. विकणाऱ्याचा तो शब्द आहे. कधी ते पिल्लू कमी दिवसांचं असतं, कधी नीट न वाढलेलं, कधी दुसऱ्याच जातीचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या कुत्रे पैदास व विक्री नियमांनुसार मनाई आहे, आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी दाखवा म्हणा. आई दाखवा म्हणा. रस्त्यावर, गाडीच्या डिकीतून पिल्लू देणाऱ्याला दोन्ही जमत नाही.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांतून जो 'पामेरियन' पाळला गेला, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. पॉमपेक्षा मोठा, पाच-सात किलोंचा, काटक, आपल्या हवेला सरावलेला. तो पॉम नाही म्हणून हिरमुसू नका. मला विचाराल तर तुमचा फायदाच झाला.

१६. दोन्हींत काहीतरी अडतंय. मधला पर्याय नाही का?

आहे, आणि तो बहुतेकांच्या दाराबाहेरच आहे. आपला देशी कुत्रा, पंधरा-वीस किलोंचा. मणका नीट, श्वास मोकळा, ऊन सोसणारा, बारा-पंधरा वर्षं जगणारा. एकटा माणूस त्याला उचलू शकतो. अनेक संस्थांकडे लसीकरण आणि नसबंदी झालेले प्रौढ देशी कुत्रे असतात, आणि प्रौढ कुत्र्याचा स्वभाव घरी नेण्याआधीच कळतो.

उंच कुत्र्याचीच हौस असेल तर सोलापूर, सांगली, लातूर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले कारवानी आणि पश्मी बघा. दोन-सव्वादोन फूट उंच, पण अंगाने शेलाटे. पश्मीच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे केस असतात. कर्नाटकच्या बाजूला त्यांच्याच जातकुळीतला मुधोळ, ज्याच्यावर २००५ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढलं. हे शिकारी, धावणारे कुत्रे आहेत. रोज कुंपण असलेल्या मोकळ्या मैदानावर पळायला मिळणार असेल तरच आणा. दोरी सोडली आणि ससा दिसला, तर हाक ऐकायला तो थांबणार नाही.

१७. आमच्याकडे नऊ वर्षांचा पॉम आहे. आता ग्रेट डेनचं पिल्लू आणायचंय. चालेल?

मी थांबा म्हणेन. भांडणासाठी नाही, खेळासाठी. पाच महिन्यांचं डेन पिल्लू पॉमच्या कितीतरी पट जड असतं आणि त्याला आपल्या पंजाचं वजन माहीत नसतं. म्हाताऱ्या पॉमच्या मानेवर एक पंजा पडला तरी पुरे. शिवाय दोघांची खाणी वेगळी, चालण्याचा वेग वेगळा, म्हणजे दिवसातून चार फेऱ्या. आणायचंच असेल तर पॉमसाठी बंद होणारी एक खोली, आणि तुमच्या घरी नसण्याच्या वेळी दोघं पूर्ण वेगळे, इतकं हवं.

१८. कुणीतरी पाच वर्षांचा ग्रेट डेन सोडून देतंय. घ्यावा का? थोडीच वर्षं उरलीत ना?

हो, थोडीच. तरीही प्रश्न २ मधला जिना आणि प्रश्न ६ मधला रात्रीचा दवाखाना जमत असेल, तर घ्या. त्याची वाढ पूर्ण झालेली आहे, पायात दोष असेल तर आत्ताच दिसतो, स्वभाव समोर आहे. पिल्लाच्या वेळचा सगळा जुगार संपलेला असतो. नेण्याआधी हृदयाची सोनोग्राफी आणि खुब्यांचे एक्स-रे काढून घ्या, जठराला टाके घातलेत का ते विचारा. आणि आधीचा मालक का सोडतोय ते दोनदा विचारा, एकदा फोनवर आणि एकदा घरी जाऊन. घरी गेलात की तो कुत्रा त्या माणसाजवळ कसा बसतो, ते बघा.